एकासारखा दुसरा नाही

१२ मे, सोमवार

मी सेहेचाळीस वर्षांचा झालो तरी ताईसाठी अजून छोट्याच आहे. दिवसभर मनात जे जे येतं ते मी तिला सांगायला जातो आणि ती म्हणते, "छोट्या, तोंड मिट. तू बोललास की माझं मेण हलतं." म्हणून ही डायरी. हिचं मेण हलत नाही.

ताई कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून रुग्णाच्या तोंडाचं माप येतं, त्यावरून प्लॅस्टरचा जबडा होतो, जबड्यावर मेण आणि मेणात ताई एकेक दात लावते. भावजी गेल्यापासून कार्यशाळा तीच चालवते. खाली काम, वर दोन खोल्या. पॉलिशच्या यंत्रावर घासूमामा बसतात. ते कोणाचेच मामा नाहीत, पण वीस वर्षं घासतायत म्हणून हे नाव. आणि मी. गेल्या वर्षी विमा कंपनीने आमचा अख्खा विभाग गुंडाळला तेव्हा ताईने फोन केला, "ये इकडे, हिशेब बघ." आठवड्यात दोन तासांचा हिशेब असतो. उरलेला वेळ मी चहा करतो आणि उपकाराखाली दबून राहतो.

आज मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तीन डॉक्टरांचं सगळं काम आम्हाला द्यायचा त्यांचा विचार आहे. अट एकच. प्रत्येक कामाच्या डब्यावर रुग्णाचं आडनाव लिहायची आमची पद्धत बंद, कारण दोन सारख्या आडनावांच्या बायकांचे डबे मागे एकदा अदलाबदल होता होता राहिले. प्रत्येक कामाला स्वतःचा नंबर हवा आणि तो पुन्हा कधीच कोणाला मिळता कामा नये. जूनअखेरपर्यंत एकही घोटाळा झाला नाही तर काम आमचं.

त्या गेल्यावर ताई बराच वेळ हात पुसत बसली. मग म्हणाली, "हे मिळालं तर टिकू. नाहीतर कुलूप. आणि कुलूप लागलं तर मी काय करू रे? मला दात लावण्याशिवाय काही येत नाही."

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमचं दात बसवूनही भरेनासं झालंय. मी म्हटलं, "नंबरांचं माझ्यावर सोड." या घरात इतक्या ठामपणे मी पहिल्यांदाच काही बोललो असेन.

१३ मे, मंगळवार

एक, दोन, तीन असे नंबर का देऊ नयेत, असं घासूमामांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. पण आमचे संगणक दोन. एक दाराशी, जिथे मापं उतरतात. एक मागे, जिथे मोडकी कवळी दुरुस्तीला येते. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. दाराशी सतरा नंबर दिला हे मागच्याला कसं कळणार? तोही सतराच देईल.

मी नामी युक्ती काढली. घड्याळ! ज्या सेकंदाला बटण दाबलं तो सेकंद हाच नंबर. घड्याळ उलटं जात नाही, म्हणजे नंबर परत येणार नाही. संगणकासाठी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून झाली. ताईला हौसेने दाखवली. ती पडद्याकडे बघायचं सोडून माझ्या कानाकडे बघत म्हणाली, "छान आहे." कौतुक करायचं तर निदान बघून तरी करावं.

१६ मे, शुक्रवार

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तीनच टिकले. दाराशी मी बटण दाबलं, मागे त्याच सेकंदाला घासूमामांनी दाबलं. दोन डबे, एक नंबर. वेळेवर दिसलं म्हणून बरं. घासूमामा म्हणाले, "काय योगायोग!" मी म्हटलं, "मामा, योगायोग होऊ नये म्हणून तर मला ठेवलंय."

रागाच्या भरात मी सेकंदाचे हजार तुकडे करायचं ठरवलं होतं. पण तुकडे कितीही केले तरी दोन माणसं एकाच तुकड्यावर बोट ठेवू शकतातच.

१७ मे, शनिवार

सकाळभर शोधलं आणि स्वतःवरच हसलो. मी ज्या भाषेत स्क्रिप्ट लिहितो तिच्यात हे सगळं आयतं करून ठेवलेलं आहे. एक ओळ लिहून तयार कोडचं वाचनालय, म्हणजे लायब्ररी, आत घ्यायचं, दुसऱ्या ओळीत नंबर मागायचा. ते देतं छत्तीस खुणांचा नंबर: शून्य ते नऊ अंक, ए ते एफ अक्षरं आणि मध्ये चार आडव्या रेघा. पूर्ण आंधळेपणाने उचललेला. दोन संगणकांनी एकमेकांना विचारायचीही गरज नाही, कारण असे दोन नंबर सारखे निघायचे म्हणजे आधी जगातली सगळी माणसं कवळीला येऊन गेली पाहिजेत. विमा कंपनीत असल्या हमीवर आम्ही डोळे मिटून सही केली असती.

लेबल छापून ताईच्या हातात दिलं. तिने ते जवळ नेलं, लांब नेलं, मान वाकडी केली आणि म्हणाली, "ही काय मुंग्यांची रांग?"

"ताई, हा जगात एकमेव नंबर आहे."

"असू दे. पहिल्या चार खुणा मोठ्या छाप. बोटभर. खालचं शेपूट कोण वाचतंय?"

नवीन काही आलं की नाक मुरडायचंच, हा तिचा स्वभाव. पण चार खुणांनीही पासष्ट हजारांवर डबे वेगळे ओळखता येतात आणि आमच्याकडे एका वेळी जेमतेम तीस. म्हटलं, घे. पहिल्या चार बोटभर, बाकी शेपूट खाली बारीक. दाराशी पहिलंच लेबल निघालं, सात-एफ-दोन-ए. ताईने ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि चक्क हसली.

२३ मे, शुक्रवार

काम सुरळीत. मेणातली कवळी प्लॅस्टिकमध्ये शिजवायला जाते तेव्हा मूळ मापाचा डबा मागे राहतो आणि कवळीबरोबर नंबराची चिठ्ठी जाते. कवळी घासून परत आली की चिठ्ठी आणि डबा जुळवून डबा बंद करायचा. हे शेवटचं काम ताई कोणाला देत नाही. म्हणते, "शेवटचा हात माझा."

बाकी ताईचं वय झालंय हे आता मान्य करायला हवं. अठ्ठावन्न काही फार नाही, पण हट्टीपणा सत्तरीचा आला आहे. स्कूटर विकून टाकली, का तर चालणं प्रकृतीला बरं. कामाचं टेबल ओढून खिडकीशी नेलं, का तर वारा येतो. मग म्हणते, खिडकीचे गज वाकलेत, सुताराला बोलाव. मी पट्टी लावून दाखवली, गज सरळ आहेत. म्हणाली, "असतील." समोरच्या औषधवाल्याने रस्त्यात हात केला तर ही सरळ पुढे निघून गेली. तो बिचारा मला विचारत होता, ताईंचं काही बिनसलंय का. मी काय सांगणार? माझ्याशी तरी ती कुठे सरळ नजरेने बोलते? माझ्याकडे बघायचं झालं की तोंड एका बाजूला आणि नजर दुसऱ्या बाजूने.

दुसऱ्याच्या घरी राहिलं की अशा नजरा सोसाव्या लागतात. सख्खी बहीण झाली म्हणून काय.

२ जून, सोमवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. आत्तापर्यंत एकही चूक नाही, खूश आहेत. फक्त एक बारीक तक्रार. मी रोज संध्याकाळी त्यांना कामांची यादी पाठवतो ती नंबराप्रमाणे लागते आणि नंबर तर आंधळेपणाने उचललेले. त्यामुळे आजचं काम तळाला, परवाचं मध्येच, कालचं डोक्यावर. "जरा क्रमाने मिळेल का?" असं त्या म्हणाल्या. गोड बोलून म्हणाल्या, म्हणून मला जास्त लागलं.

५ जून, गुरुवार

झालं! त्याच वाचनालयात नंबरांचा दुसरा एक प्रकार आहे; मी वापरत होतो तो चार क्रमांकाचा, हा सात क्रमांकाचा. त्यात आधी वेळ येते, मग पुढे आंधळेपणाने उचललेल्या खुणा. वेळ पुढे असल्यामुळे यादी आपोआप क्रमाने लागते आणि शेपटामुळे एकासारखा दुसरा होत नाही. म्हणजे माझी घड्याळाची युक्ती चुकीची नव्हती, अर्धवट होती. स्क्रिप्टमध्ये बदल किती? चारच्या जागी सात. एक आकडा!

गंमत म्हणजे आता सगळे नंबर शून्य-एक-नऊ-सात असे सुरू होतात. घड्याळाचा तो तासकाटा समजायचा, तो हलायला महिना उलटेल. डब्यांची रांग बघितली की एकाच घरातली भावंडं ओळीने बसल्यासारखी वाटतात. डॉक्टरीणबाईंचा उलट निरोप आला, "उत्तम." मी तो तीनदा वाचला. ताईला बदलाचं काही सांगितलं नाही. सांगून उपयोग काय? पुन्हा मुंग्या काढत बसली असती.

६ जून, शुक्रवार

ताई दुपारी जेवली नाही. खिडकीशी उभी राहून एकेक डबा उजेडात धरत होती आणि परत ठेवत होती. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "काही नाही."

९ जून, सोमवार

घरात अबोला आहे आणि का आहे ते मला ठाऊक नाही. ताईने रेडिओ बंद केला. कप भरताना चहा बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून माझ्या मांडीवर. मी ओरडलो तर रागावली नाही, नुसती फडकं शोधत राहिली. फडकं तिच्या समोरच होतं.

मग संध्याकाळी अचानक म्हणाली, "छोट्या, नंबर नीट छापले जातायत ना?"

मला बरं वाटलं. कोणीतरी विचारलं तरी. मी म्हटलं, "चोख! पैजेवर सांगतो, एकासारखा दुसरा नाही. सगळे वेगवेगळे."

"सगळे?"

"सगळे. तू नुसती नजर टाक, कळेल."

ती मान हलवून वर निघून गेली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पाय चाचपून टाकत होती. एवढा कसला राग, की पावलंसुद्धा मोजून टाकावीत?

१२ जून, गुरुवार

जे व्हायला नको होतं ते झालं. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना दुसऱ्याच कोणाची तरी वरची कवळी बसवली गेली. त्या दुसऱ्याला, म्हणजे एका बेकरीवाल्याला, ह्यांची. मुख्याध्यापिकाबाई आरशात बघून म्हणाल्या म्हणे, "हे दात माझे नाहीत. मी इतकी आनंदी कधीच नव्हते." एरवी आम्ही हसून हसून लोळलो असतो.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "सोमवारनंतर बोलू."

मी फोन ठेवला आणि ताईकडे वळलो. ती आधीच उठली होती. मेणाच्या सुऱ्या, छोटा दिवा, चिमटे, सगळं एका टॉवेलमध्ये गुंडाळून तिने माझ्यासमोर ठेवलं. "चूक माझी आहे. शेवटचा हात माझा होता. आता मी बसत नाही."

घासूमामा म्हणाले, "अहो ताई, एका कवळीवरून…"

"एका नाही, मामा. उद्या सगळ्याच चुकतील."

माझं डोकं फिरलं. म्हणजे आता सगळं माझ्या नंबरांवर ढकलणार. चूक कबूल करायची ती अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं याच्याच यंत्रात खोट आहे.

१३ जून, शुक्रवार

हे नीट लिहून ठेवतो.

सकाळपासून मी स्क्रिप्ट तपासली. पाच तारखेपासूनचे सगळे नंबर काढले, एकमेकांशी ताडून पाहिले. एकही नंबर दुसऱ्यासारखा नव्हता. माझी बाजू स्वच्छ होती आणि ती स्वच्छ आहे हे मला ताईला दाखवायचंच होतं. दहा-बारा लेबलं छापली, वर गेलो आणि ती बसली होती तिथल्या टेबलावर ओळीने मांडली.

"बघ. तूच बघ. यात एक तरी नंबर दुसऱ्यासारखा आहे का?"

तिने मान वाकडी केली. पहिलं लेबल पाहिलं, दुसरं पाहिलं, मग सगळ्यांवरून हळूहळू चेहरा फिरवला. म्हणाली, "मला सगळे सारखेच दिसतात, छोट्या."

मला वाटलं, ही टोमणा मारतेय. मी आवाज चढवला. म्हटलं, तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही, एक नंबर वाचायचे कष्ट घ्यायचे नाहीत आणि बरंच काही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. ताई रडताना मी भावजींच्या वेळीही पाहिलेली नाही.

मी गडबडलो, दोन पावलं मागे सरलो. आणि तिथून, उभ्या उभ्या, मला ती लेबलं दिसली.

शून्य एक नऊ सात. शून्य एक नऊ सात. शून्य एक नऊ सात. बोटभर अक्षरांत, ओळीने, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी रोज पडद्यावर शेपूट वाचत होतो. ताई रोज डब्यावरच्या चार खुणा वाचत होती. त्या चार खुणा मोठ्या छापल्या मीच, आणि सगळ्यांच्या सारख्या केल्या तेही मीच.

"ताई," मी म्हटलं, "सारखेच आहेत."

"कशाला समजूत काढतोस?"

"समजूत नाही काढत. खरंच सारखे आहेत. वरचे चारही. पाच तारखेपासून. मी बदलले. तुला सांगितलं नाही."

ती एक लेबल हातात घेऊन म्हणाली, "हे काय आहे? वाच."

"शून्य एक नऊ सात."

"आणि हे?"

"शून्य एक नऊ सात."

तिने एकेक लेबल उचलून माझ्याकडून वाचून घेतलं, शेवटपर्यंत. शेवटचं वाचून झाल्यावर ती हसायला लागली आणि रडायलाही, आणि लेबलांच्या ढिगात डोकं टेकून म्हणाली, "मला वाटलं, संपलं. मला वाटलं, आता सगळंच एक दिसायला लागलं."

१४ जून, शनिवार

आज ताई बोलली. खिडकीकडे तोंड करून, थांबत थांबत.

दीड वर्ष झालं. समोर बघितलं की मधोमध एक डाग. माणसाकडे बघितलं की चेहरा जातो, कान दिसतात. रेघ सरळ असली तरी वाकडी दिसते. कडेने दिसतं, म्हणून मान वाकडी करायची. दात लावायला तिला डोळे तितकेसे लागत नव्हते, अंगठा पुरत होता. फक्त वाचता येत नव्हतं. माझी चार मोठी अक्षरं आली तेव्हा तिला वाटलं, आता निभावेल. मग एका सकाळी डबा उचलला तर शून्य एक नऊ सात. दुसरा उचलला तर तेच. तिसरा, तेच. तिने ठरवून टाकलं की डोळ्यांनी शेवटचा निरोप घेतला. आणि मला विचारलं तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, सगळे वेगवेगळे आहेत.

त्यानंतरचे सगळे डबे तिने अंगठ्याने चाचपून, माप आणि कवळी जुळवून भरले. दोन वरच्या कवळ्या एकाच मापाच्या निघाल्या, तिथे चुकली.

"डॉक्टरला का नाही दाखवलंस?" मी विचारलं.

"दाखवलं असतं तर त्याने सांगितलं असतं."

कानाकडे बघणं, वाकडे गज, औषधवाला, चहा, जिना. मी या वहीत सगळं टिपलं होतं आणि प्रत्येक गोष्टीच्या पुढे स्वतःच्या मानापमानाची शेरेबाजी केली होती. मागची पानं वाचवत नाहीत. वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय, एवढंच लिहितो.

१८ जून, बुधवार

डोळ्यांचा दवाखाना. थेंब घातल्यावर ताई तासभर बाकावर डोळे मिटून बसली आणि मी शेजारी. एरवी मी बडबड केली असती.

डॉक्टर तरुण होता, पण घाई नव्हती त्याला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं इंजेक्शनं घेऊन बहुधा राखता येईल, दर महिन्याला यावं लागेल. कडेची नजर राहील. ताईने एकच विचारलं, "दात लावता येतील?"

डॉक्टरला कळेना, की ही बाई कोणाचे दात म्हणतेय. मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हातांना मी काय सांगणार? हात तुमचे आहेत."

परत येताना तिने माझं कोपर धरलं होतं. औषधवाल्याच्या दुकानापाशी आल्यावर मी हळूच म्हटलं, "डावीकडे, हात कर." तिने हात केला. त्याने इतक्या उत्साहाने उलट हात केला, की काउंटरवरची बाटली पडली.

२३ जून, सोमवार

ताई स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेली, मी फक्त सोबतीला. मला वाटलं होतं, नंबरांचा घोळ सांगू आणि तेवढ्यावर भागवू. तसा मी रस्त्यात सल्लाही दिला. ताई म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ असले म्हणून तोंड मिटून बसायचं नसतं." मग आत जाऊन तिने सगळं सांगितलं. डाग, मान, अंगठा, सगळं. मी माझं सांगितलं. चारच्या जागी सात.

डॉक्टरीणबाई बराच वेळ पेनशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, तीन डॉक्टरांचं काम त्या देऊ शकत नाहीत, स्वतःचं एकटीचं देतील. डबा बंद करताना दोन माणसांनी नंबर वाचायचा, तोही शेवटच्या चार खुणा, आणि त्या बोटभर छापायच्या. शेवटच्या चार खुणा आंधळेपणाने उचललेल्या असतात, त्या वेगळ्याच राहतात. हे मला सुचायला हवं होतं, त्यांना सुचलं.

बाहेर आल्यावर मी तोंड पाडून चाललो होतो. "थोडंच मिळालं," मी म्हटलं.

ताई म्हणाली, "पुष्कळ आहे. मलाही आता थोडंच दिसतं. जुळलं की."

१ जुलै, मंगळवार

आठवडाभर ताई मला दात लावायला शिकवतेय. ती टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. आजचा जबडा त्याच मुख्याध्यापिकाबाईंच्या बहिणीचा. बाईंनी स्वतःहून बहिणीला पाठवलं. स्वतःची कवळी परत मिळाल्यावर त्यांनी म्हणे घरी सांगितलं, "दात जागेवर आहेत, हसू येत नाही."

मी समोरचे सहा लावले. ताईने अंगठा फिरवला. "काढ. ही बाई या दातांनी शिट्टी वाजवेल, जेवणार नाही." पुन्हा लावले. "काढ. डावा सुळा भांडायला निघालाय." पुन्हा लावले. "काढ."

दुपारपर्यंत माझा संयम संपला. स्क्रिप्ट चुकली तर संगणक ओळ सांगतो, ही नुसती काढ म्हणते. मी चिमटा खाली ठेवला. म्हटलं, "ताई, मला हे जमणार नाही. दया म्हणून ठेवलंयस ते पुरे झालं. चहा करतो, हिशेब बघतो, तेवढंच राहू दे."

ताईचा हात जबड्यावरच थांबला.

"दया? कोणावर?"

"नोकरी गेली तेव्हा फोन नाही केलास?"

घासूमामांनी यंत्र बंद केलं, त्यांना ऐकायचं होतं, लपवलंही नाही त्यांनी. मग ताई मान वाकडी करून, म्हणजे माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तुझी नोकरी गेली असं कळलं ना, त्या दिवशी मला आनंद झाला होता, छोट्या. लाज वाटते सांगायला. तू तिकडे फोनवर रडत होतास आणि मी इकडे मनात म्हणत होते, आता घरात डोळे येतील. हिशेबाचं आपलं असंच सांगितलं. मला तू हवा होतास. तुझ्याशिवाय मी सहा महिनेही काढले नसते."

वर्षभर मी या घरात पाहुण्यासारखा वावरलो. ताटात दुसऱ्यांदा वाढून घ्यायलासुद्धा मला संकोच वाटायचा. आणि ती वर्षभर माझ्या पायरवाकडे कान लावून बसलेली.

मी चिमटा उचलला, मेण गरम केलं, डावा सुळा पुन्हा बसवला. अगदी जीव ओतून बसवला. ताईने अंगठा फिरवला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काढ."

मी काढला. इतक्या आनंदाने मी आजवर एकही चूक दुरुस्त केली नव्हती.